बोले ठराव मुंबईत पास झाला, महाडच्या तळ्यापर्यंत पोचताना कुठे कुठे अडला

प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचा पत्ता लिहिताना आपण एस. के. बोले मार्ग लिहितो, दादरचं पोर्तुगीज चर्चही त्याच रस्त्यावर. रोज हजारो माणसं या रस्त्यावरून जातात, मीही कित्येक वर्षं जातोय. पण हे बोले कोण होते हे मला महाडबद्दल नीट वाचायला लागल्यावर कळलं आणि तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला शाळेपासून माहीत असतो, तारीख पण पाठ असते, पण सत्याग्रहाच्या आधी साडेतीन वर्षं मुंबईच्या कौन्सिलात जो ठराव पास झाला त्याच्याबद्दल पुस्तकात जेमतेम एक ओळ येते, आणि ज्याने तो मांडला त्याच्याबद्दल तेवढीही नाही.

सीताराम केशव बोले, लोक त्यांना रावबहादूर बोले म्हणायचे. मुंबई इलाख्याच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलचे मेंबर, आजच्या भाषेत आमदार. त्यांचं अख्खं चरित्र इथे सांगत नाही. एकच प्रकरण घेतो, ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांचा ठराव पास झाला तिथपासून १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल लागला तिथपर्यंत. साडेतेरा वर्षं. एवढ्या काळात एक वाक्य मुंबईहून निघून कुलाबा जिल्ह्यातल्या (आजचा रायगड) एका तळ्याच्या पायरीपर्यंत कसं गेलं, वाटेत कोणी त्याला पातळ केलं, कोणी त्यात जीव ओतला, एवढंच बघायचंय.

मला यात एवढा रस असण्याचं कारण माझं काम. मी नळपाणी योजनांच्या कामात आहे, गावोगावच्या पाणी समित्यांच्या मीटिंगला बसतो. एका गावात ग्रामसभेने एकमताने ठराव केला होता की वरच्या वाडीला नळ द्यायचा. कागद वर गेला, तिथून "उचित कार्यवाहीस्तव" असा शेरा मारून खाली आला, खालून परत वर गेला, आणि पुढचे दोन उन्हाळे त्या वाडीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन खालच्या विहिरीवरच येत होत्या. ठराव पास होणं आणि पाणी मिळणं यात किती अंतर असतं ते मी रोज बघतो. म्हणून बोले ठरावाची गोष्ट वाचताना मी सारखा थांबत होतो.

बोले तिथपर्यंत आले कसे

बोले भंडारी समाजातले आणि त्यांचं राजकारण गिरणगावातून वर आलेलं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० आणि ९० च्या दशकात गिरणी कामगारांसाठी जे काम उभं केलं, रविवारची सुट्टी मिळवून दिली, ते लोखंडे १८९७ ला प्लेगमध्ये गेले आणि मधली काही वर्षं कामगारांची बाजू सातत्याने मांडणारी संस्थाच उरली नाही. १९०९ मध्ये कामगार हितवर्धक सभा निघाली, बोले तिच्या पुढाऱ्यांपैकी एक. आज आपण युनियन म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं तसं ते नव्हतं. अर्ज करायचे, सभा घ्यायच्या, मालकांशी बोलणी करायची, सरकारकडे निवेदन द्यायचं असा तो मार्ग होता. कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराला दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही हा नियम १९११ च्या फॅक्टरी कायद्यात पहिल्यांदा आला, यावरून आधी काय चालू होतं ते समजा. पुढे संपाच्या जोरावर मोठ्या झालेल्या नेत्यांना हा अर्ज-विनंत्यांचा मार्ग मवाळ वाटायचा आणि त्यात तथ्य आहे, पण माझं मत असं की सरकारी कागद कसा चालतो, कुठला शब्द टाकला की काय होतं आणि कुठला गाळला की काय होतं, याची जाण बोल्यांना याच कामातून आली असावी.

अजून एक प्रसंग सांगायलाच पाहिजे. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक पास झाला, महार समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती, त्याच्या कौतुकाची सभा झाली आणि त्या सभेचे अध्यक्ष होते बोले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याच सभेत आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भीमरावांना भेट दिलं. केळुसकरांची भेट सगळ्यांना आठवते कारण तिचा धागा थेट १९५६ च्या बौद्ध धर्मांतरापर्यंत जातो. अध्यक्षांच्या खुर्चीतल्या माणसाकडे मात्र आपलं लक्ष जात नाही, आणि सोळा वर्षांनी तोच माणूस कौन्सिलात उभा राहिला.

कौन्सिल म्हणजे काय होतं

हे थोडं समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. १९१९ च्या कायद्याने प्रांतात द्विदल राज्यपद्धती आली. पोलीस, जमीन महसूल, न्याय ही खाती गव्हर्नर आणि त्याच्या एक्झिक्युटिव्ह कौन्सिलकडे राहिली, म्हणजे राखीव. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेली, म्हणजे सोपीव. १९२१ ला नवं कौन्सिल बसलं तेव्हा मुंबईत शिक्षण रघुनाथराव परांजप्यांकडे होतं, स्थानिक स्वराज्य गुलाम हुसेन हिदायतुल्लांकडे. आता बोल्यांचा ठराव विहिरींबद्दल होता, शाळांबद्दल होता, दवाखान्यांबद्दल होता आणि कोर्टांबद्दल पण होता, म्हणजे तो या दोन्ही डब्यांत एकदम हात घालत होता.

काँग्रेसने असहकारामुळे १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. त्यामुळे पहिल्या कौन्सिलात होते ते लिबरल, ब्राह्मणेतर पक्षाचे लोक, जमीनदार, व्यापारी आणि सरकारी मेंबर. मतदानाचा हक्कही ठराविक कर किंवा सारा भरणाऱ्यांनाच, त्यामुळे बहुसंख्य अस्पृश्य माणसांना मत नव्हतंच. शंभरावर सभासदांच्या त्या सभागृहात अस्पृश्य वर्गाचा म्हणून सरकारने नेमलेला एक माणूस, ज्ञानदेव घोलप. एकटा. (अस्पृश्य हा शब्द मी तेव्हाच्या कागदपत्रांत आहे म्हणून वापरतोय.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कौन्सिलचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठरावाचं रूपच मुळी "हे कौन्सिल सरकारला शिफारस करतं की" असं असायचं. सरकारने मानली तर मानली. बिल आणणं वेगळं, त्याला वाचनं, सिलेक्ट कमिटी, गव्हर्नरची संमती आणि काही विषयांत तर आधी परवानगी. साध्या मेंबरला ठराव मांडणं त्या मानाने सोपं, आणि पास करून घेणंही सोपं, कारण हो म्हणणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. बोल्यांच्या ठरावाची ताकद आणि कमजोरी दोन्ही इथूनच सुरू होतात.

ठरावातले शब्द

ठरावाचा आशय असा: सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि चालवलेली, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातली सगळी पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, ऑफिसं आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत अशी कौन्सिल शिफारस करतं.

हे परत एकदा हळू वाचा. यात देऊळ नाही. कोणाची खाजगी विहीर नाही. शास्त्रात काय सांगितलंय, पाप काय पुण्य काय, एक अक्षर नाही. फक्त एक प्रश्न, पैसा कोणाचा? तुमच्या गावची विहीर जर लोकल फंडातून बांधली असेल तर तो फंड सगळ्यांच्या करातून आलेला आहे, मग पाणी कोण भरणार हे एका जातीने कसं ठरवायचं. धर्माच्या मैदानावर वाद नेला असता तर तो कधीच संपला नसता, बोल्यांनी तो हिशेबाच्या मैदानावर आणला. मला हे या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीतलं सगळ्यात हुशार काम वाटतं आणि याबद्दल त्यांना जितकं श्रेय मिळायला पाहिजे होतं तितकं मिळालं नाही, असं मी स्पष्टच म्हणतो.

सरकारचा हुकूम, आणि तिथेच पहिली गळती

ठराव पास झाला ४ ऑगस्टला. सरकारचा हुकूम निघाला ११ सप्टेंबर १९२३ ला, सव्वा महिन्यात, वेग वाईट नाही. पण हुकुमाचे दोन भाग होते आणि दोन्हींची भाषा वेगवेगळी.

पहिला भाग सरकारच्या स्वतःच्या जागांबद्दल, सरकारी ऑफिसं वगैरे. तिथे सरळ सांगितलं की सगळ्या ऑफिसप्रमुखांनी ठराव अमलात आणावा. दुसरा भाग नगरपालिका आणि लोकल बोर्डांबद्दल (ग्रामीण भागातल्या स्थानिक संस्था), म्हणजे जिथे खरं पाणी होतं त्याबद्दल. तिथे काय लिहिलं? तर कलेक्टरांना विनंती करावी, की त्यांनी आपल्या हद्दीतल्या स्थानिक संस्थांना सल्ला द्यावा, की ठरावातली शिफारस स्वीकारणं इष्ट आहे का याचा त्यांनी विचार करावा.

विनंती, मग सल्ला, मग विचार. ज्याने कधी सरकारी पत्र हातात घेतलंय त्याला हे वाक्य वाचून पोटात खड्डा पडेल. कौन्सिलच्या शिफारशीतलं जे थोडंफार वजन होतं ते या तीन क्रियापदांनी काढून घेतलं. कागद मुंबईहून अलिबागला जाईल, अलिबागहून महाडला जाईल, आणि महाडच्या नगरपालिकेला त्यावर करायचं काय तर विचार.

सरकारची बाजू मांडायची तर ती अशी मांडता येईल की नगरपालिका या कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्था होत्या, स्थानिक स्वराज्य द्यायचं म्हणायचं आणि वरून हुकूम सोडायचे हे बरोबर दिसलं नसतं. ठीक आहे. पण त्या स्वराज्यात मत कोणाला होतं, तर कर भरणाऱ्यांना, घरमालकांना. ज्यांना पाणी नाकारलं जात होतं त्यांचा त्या "स्वराज्यात" आवाजच नव्हता, मग त्यांच्या पाण्याचा विचार कोण करणार होतं.

महाड

तरी महाडने विचार केला, हे नोंदवलं पाहिजे. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने ठराव करून आपल्या ताब्यातलं तळं अस्पृश्यांना खुलं केलं. इलाख्यातल्या कित्येक गावांनी तेवढंही केलं नाही. महाडला सुधारकी विचारांची काही माणसं होती, नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलेले सुरेंद्रनाथ टिपणीस त्यातले एक आणि पुढे ते सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले.

पण तळ्यावर काय बदललं? काहीच नाही. तळं कुठे होतं ते बघा. चार-पाच एकरांचं पाणी, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडे सवर्णांची घरं, काही मुसलमानांची. कित्येक घरमालकांच्या मालकीच्या जमिनीच्या पट्ट्या थेट पाण्याच्या काठापर्यंत आलेल्या, पायऱ्या त्यांच्या, बांधलेले काठ त्यांचे. अस्पृश्यांचं एकही घर जवळपास नाही. आता अशा तळ्यावर एकटा माणूस किंवा एकटी बाई घागर घेऊन जाईल का? गेली तर चारी बाजूंच्या खिडक्यांतून माणसं बघतायत, हाकेच्या अंतरावर. नगरपालिकेचा ठराव खिशात असला तरी तो खिसा कोण बघतंय. नगरपालिकेने ना बोर्ड लावला, ना शिपाई उभा केला. ठराव मिनिट्सच्या वहीत राहिला, तीन वर्षं.

इकडे मुंबईत बोले हे बघत होते. आणि इथे मला त्यांचा खरा आदर वाटतो, कारण बहुतेक पुढारी ठराव पास झाला, पेपरात नाव आलं की पुढच्या विषयाकडे वळतात. बोले तीन वर्षांनी त्याच विषयावर परत आले. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी नवा ठराव आणला की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड आधीचा ठराव अमलात आणायला नकार देतील त्यांना सरकारने ग्रँट देऊ नये. परत तोच हिशेबाचा रस्ता. पहिल्या वेळी म्हणाले पैसा सगळ्यांचा आहे, दुसऱ्या वेळी म्हणाले मग न ऐकणाऱ्याचा पैसा बंद करा. सरकारने जे तीन क्रियापदांत मऊ केलं होतं ते परत कडक करायचा हा प्रयत्न होता. त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेत सामील करून घेण्यावरून वाद पेटला, त्यात प्रबोधनकार ठाकरे आणि बाबासाहेबांबरोबर बोलेही होते. म्हणजे हा माणूस नुसता कौन्सिलात भाषण करून घरी जाणारा नव्हता.

चाळीस रुपयांचं पाणी

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तिथल्याच तरुणांनी ती भरवण्यासाठी मेहनत घेतली होती, अध्यक्ष बाबासाहेब, जे तेव्हा कौन्सिलचे नेमलेले मेंबर होते. हजारो माणसं आली. मार्चचं ऊन, कोकणातला उकाडा, आणि एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवं. पाणी कुठून आणलं? सवर्णांकडून विकत. चाळीस रुपयांचं.

हे चाळीस रुपये माझ्या डोळ्यासमोरून हलत नाहीत. ज्या गावात नगरपालिकेचं चार-पाच एकरांचं तळं आहे, ते तळं ठरावाने खुलं झालेलं आहे, तीन वर्षांपूर्वी, त्याच गावात त्याच लोकांना पाणी विकत घ्यावं लागतंय.

परिषदेचे ठराव झाले, समारोपाची वेळ आली आणि परिषदेतले एक कार्यकर्ते अनंतराव चित्रे उभे राहिले. त्यांनी ही पाण्याचीच गोष्ट काढली. नगरपालिकेने तळं खुलं केलंय, पण कोणी तिथे जाऊन पाणी घेतलेलं नाही, तर आपण सगळ्यांनी आत्ताच जाऊया. आणि लोक निघाले. शिस्तीत, रांगेने, बाजारपेठेतून तळ्यापर्यंत. बाबासाहेब पायऱ्या उतरले, पाणी प्याले, मग बाकीचे प्याले.

केस म्हणून बघायचं तर हा क्षण सगळ्यात महत्त्वाचा. कायदा मोडायला कोणी निघालं नव्हतं. कौन्सिलचा ठराव होता, सरकारचा हुकूम होता, नगरपालिकेचा ठराव होता. तीन-तीन कागद. लोक ते तिन्ही कागद अमलात आणत होते, जे काम कलेक्टरने करायला हवं होतं, नगरपालिकेने करायला हवं होतं ते त्यांनी स्वतःच्या पायांनी केलं.

पुढचं आपल्याला माहीत आहे. लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली, परत जेवायला बसलेल्या, घरी निघालेल्या माणसांवर लाठ्या-काठ्यांनी हल्ले झाले, गावोगाव पण मारहाण झाली. तळं बाटलं म्हणून एकशे आठ घागरी पाणी काढलं, शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून ते शुद्ध केलं. आणि मग महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव मागे घेतला. तारीख बघा, ४ ऑगस्ट १९२७. बोल्यांचा ठराव पास झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. मुद्दाम तो दिवस धरला असेल असं मी म्हणत नाही, पण ती तारीख वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तीन वर्षं ठराव होता आणि कोणी पाणी प्यालं नाही तोवर तो रद्द करायची कोणाला गरज वाटली नाही. लोक प्याले आणि साडेचार महिन्यांत रद्द.

कोर्टात काय चाललं

डिसेंबर १९२७ ला दुसरी परिषद ठरली, यावेळी सत्याग्रह जाहीर करून. त्याआधी काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या कोर्टात दावा टाकला की हे तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना इथे येऊ न देण्याची पूर्वापार रूढी आहे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ ते २७ डिसेंबरला परिषद झाली, मनुस्मृतीचं दहन झालं, आणि कोर्टाचा मान राखून तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. लोक तळ्याभोवती मिरवणूक काढून परत आले, पाण्याला हात न लावता. जमलेल्या माणसांना हे सांगणं किती अवघड गेलं असेल.

मग दावा चालला. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ ला अस्पृश्यांच्या बाजूने, ठाण्याचं अपील १९३३ ला परत त्यांच्याच बाजूने, आणि मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ ला सवर्णांचं अपील फेटाळलं. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचं. हे तेच ब्रूमफील्ड ज्यांनी १९२२ ला अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती.

आता निकाल कशावर लागला ते नीट बघितलं पाहिजे, कारण बऱ्याच ठिकाणी लोक सरसकट लिहितात की बोले ठरावामुळे केस जिंकली. तसं नाहीये. तळं खाजगी आहे हे सिद्ध झालं नाही. राहिली रूढी. कोर्टाने म्हटलं की रूढी म्हणून तिला कायद्याची ताकद मिळायची तर ती अनादी काळापासूनची आहे हे दाखवावं लागेल आणि ते वादींना दाखवता आलेलं नाही. महाडला नगरपालिका आली १८६० च्या दशकात. त्याआधी अस्पृश्य या तळ्यावर येत नसतील, पण आजूबाजूला सगळी सवर्णांचीच घरं असताना ते मुळात तिकडे येतीलच कशाला, म्हणजे त्यांना अडवण्याचा हक्क कोणी बजावला असं त्यावरून निघत नाही. हा युक्तिवाद वाचताना अंगावर काटा येतो, कारण ज्या घरांच्या वेढ्यामुळे नगरपालिकेचा ठराव तीन वर्षं मेलेला राहिला त्याच घरांचा वेढा कोर्टात सवर्णांच्या विरोधात गेला.

आणि निकालाच्या शेवटी कोर्टाने असंही नोंदवलं की रूढी सिद्ध झाली असती तरी ती वाजवी आहे का, तळं नगरपालिकेकडे असण्याचा कायदेशीर परिणाम काय, आणि नगरपालिका ज्या दाव्यात पक्षकारच नाही अशा दाव्यात वादींना काही मिळू शकतं का, हे प्रश्न बघावे लागले असते. म्हणजे पहिल्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत जवळपास दहा वर्षं सार्वजनिक तळ्याची केस चालली आणि ज्या नगरपालिकेचं तळं, ती त्यात कुठेच नव्हती. आधी खुलं केलं, मग बंद केलं, मग बाजूला जाऊन बसली.

मग बोल्यांच्या ठरावाने नक्की काय केलं

मला विचाराल तर तीन जागी तो कमी पडला. रूपाने, कारण तो शिफारस होता, कायदा नव्हता. हुकुमात, कारण स्थानिक संस्थांना फक्त विचार करायला सांगितलं. आणि अंमलात, कारण न पाळणाऱ्याला काहीच होत नव्हतं, जे भोक बोल्यांनी १९२६ ला ग्रँटच्या अटीने बुजवायला घेतलं होतं. यातला पहिला दोष बोल्यांच्या पदरात टाकता येईल, बिल का नाही आणलं म्हणून. पण ज्या सभागृहात अस्पृश्यांचा एकच नेमलेला प्रतिनिधी होता आणि मतदार सगळे कर भरणारे होते तिथे १९२३ ला असं बिल किती पुढे गेलं असतं? ठराव पास होऊ शकत होता म्हणून त्यांनी ठराव आणला आणि शब्द असे निवडले की पुढे कोणालाही ते धरून उभं राहता येईल. आणि महाडला लोक ते धरूनच उभे राहिले. नगरपालिकेला १९२४ चा ठराव करायला लागला तो यामुळे. सत्याग्रहींना "आम्ही हक्काने आलोय" म्हणता आलं ते यामुळे. कोर्टात तो निकालाचा आधार झाला नाही, पण तो नसता तर लोक कोर्टापर्यंत पोचले असते का, मला शंका वाटते.

जे लोक म्हणतात की सगळं फक्त सत्याग्रहाने झालं, कौन्सिलातल्या ठरावांना काही अर्थ नव्हता, त्यांच्याशी मी सहमत नाही. आणि जे म्हणतात की बोल्यांनीच तळं खुलं केलं, त्यांच्याशी तर मुळीच नाही. तळं मोऱ्यांनी, चित्र्यांनी, बाबासाहेबांनी आणि ज्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत अशा हजारो माणसांनी मार खाऊन खुलं केलं.

एक शेवटची गोष्ट. राज्यघटनेचं कलम १५ काढून बघा, त्याचा दुसरा भाग. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरण्यापासून अडवता येणार नाही असं तिथे म्हटलंय, आणि कुठल्या विहिरी, तर ज्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून चालवल्या जातात, किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी दिलेल्या आहेत. त्याच्या शेजारी ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव ठेवा. विहीर आहे, पाणवठा आहे, सार्वजनिक पैसा आहे. फक्त "शिफारस करतं" आणि "विचार करावा" हे शब्द कलमात कुठेच नाहीत.